एका लिटरला चाळीस मिली

इचोडा,
मंगळवार, ६ डिसेंबर १९८८

चि. सौ. दमयंतीस आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत हे पहिल्याच ओळीत सांगतो, नाहीतर तू पत्र शेवटापासून वाचायला लागशील. आईचे गुडघे थंडीने कुरकुरतात, पण आई त्यांच्याहून जास्त कुरकुरते. तुझी वहिनी दोन दिवस बाजारहत्नूरला माहेरी जाऊन आली. येताना हुरडा घेऊन आली आणि त्यातला निम्मा वाटेतच संपवला. चेन्नूरचं बिऱ्हाड लागलं का? पंधरा दिवस झाले तुला तिथे जाऊन. शेजार सगळा तेलुगू असला तरी तुला काय, तू आदिलाबादच्या शाळेत भांडायला शिकलीस तीच मुळी तेलुगूत.

आता गाडीचं. तुझ्या नवऱ्याची मोटारसायकल काल माणिकरावच्या ट्रकमधून रवाना केली. तो आदिलाबादहून कापसाच्या गाठी भरून मंचिर्यालमार्गे खाली जातो. मंचिर्यालला त्याच्या ओळखीचं टायरचं दुकान आहे, तिथे उतरवून ठेवणार आहे. चालवत का नेली नाही, असं विचारशील. अगं, ती आता डांबरी रस्त्याची राहिलेली नाही. मागचं साखळीचं दातेरी चक्कर मोठं बसवलंय, त्यामुळे चढावर बैलासारखी ओढते, पण सडकेवर चाळीसच्या पुढे नेली की बोंबलते. चिखलात पकडणारे बटन टायर डांबरावर दोनशे किलोमीटर घासायचे कशाला? पुढचं मडगार्ड चार बोटं वर उचललंय, काळ्या मातीचा चिखल भरून चाक अडू नये म्हणून. सायलेन्सर आणि हवेची पेटी, दोन्ही सीटच्या उंचीला आणलीत. गुडघाभर पाण्यातून काढली तरी बंद पडणार नाही. इंजिनाखाली जाड पत्रा आहे. मागे लसीच्या बर्फाच्या पेटीसाठी कॅरिअर केलंय, त्यात पेटी हलली तर मला सांग. जंगलातल्या ढोरांना टोचायला जाणारा असा वाहनधारक अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

तुझे उद्धवराव गेले पाच रविवार दुकानात येऊन बाकावर बसत होते. आम्ही बोलत नाही हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा कारभार तुझ्या वहिनीमार्फत. ते म्हणायचे, "वहिनी, दादाले विचारा, सायलेन्सर अजून किती वर घेऊन राह्यले?" मी दोन हात अंतरावर पाना घेऊन उभा. ती मला विचारायची, मी तिला सांगायचो, ती त्यांना सांगायची. शेवटी तुझी वहिनी, चारुलता, कावली. म्हणाली, "तुमी दोघं एकमेकाशी बोला, नाई तं उद्यापासून चहा बंद." चहा बंद झाला. आम्ही बोललो नाही.

तू मलाच दोष देशील. पण मे महिन्यात चार ट्रकवाल्यांसमोर ते काय म्हणाले? "दादा, चष्मा घ्या आता. चक्कर उलटं बसवलं तुमी." उलटं बसलं होतं, मान्य आहे. म्हणून काय चार माणसांत?

गाठींच्या गाडीत माणिकराव पेट्रोलचा थेंब चालू देत नाही. एक ठिणगी आणि सगळा कापूस गेला. त्यामुळे ट्रकपाशी टाकी मोकळी केली, पेट्रोल मी स्वतःच डब्यात काढलं. मग पुढच्या चाकाला लाकडी ठोकळा अडकवला, गाडी दोरांनी चारी बाजूंनी आवळली. उद्धवराव चारुलताला म्हणाले, "तिकडं गेल्यावर भरून घेतो पेट्रोल." मी काही बोललो नाही. एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी होती, पण असो. त्यांना गाडीबद्दल काही विचारायचं असलं तर दोन ओळी लिहाव्यात. मी उत्तर देईन. विचारलं तर.

तुझा दादा
भिवाजी

ता. क. गाडी बाहेर काढायची घाई करू नका म्हणावं. ट्रकच्या हादऱ्यांनी नट ढिले होतात.


इचोडा,
शनिवार, १० डिसेंबर
दुपारचे साडेतीन

उद्धवराव,

हे पत्र दमयंतीला नाही, तुम्हालाच आहे. नमस्कार. पुढचं वाचायच्या आधी एवढं करा: टाकीत नुसतं पेट्रोल भरू नका. भरलं असेल तर गाडीला किक मारू नका. चालवली असेल तर जिथे असाल तिथे उभी करा.

मी तुमच्या गाडीचा तेलाचा पंप काढून टाकला आहे. ओढ्याच्या पाण्यात त्याची केबल तुटली असती आणि तुम्हाला जंगलात पत्ताही लागला नसता. त्याचं भोक पत्र्याचा तुकडा लावून बंद केलं. आता तेल पेट्रोलातच मिसळायचं, एका लिटरला चाळीस मिली. तुमच्याकडे ढोरांची मोठी पिचकारी असते, तिच्या चाळीसच्या खुणेपर्यंत. बाजूची तेलाची टाकी मी तशीच ठेवली, भरून ठेवली, वाटेत लागलं तर त्यातलं काढून घेता यावं म्हणून. पण तिच्यातून इंजिनात थेंबही जात नाही. तुम्ही काचेत बघाल, तेल भरलेलं दिसेल, आणि समाधानाने निघाल. इथे चालवून पाहिलीत तेव्हा टाकीत मी मिसळलेलं पेट्रोल होतं. तेच मी ट्रकपाशी काढून घेतलं. तो डबा आत्ता माझ्या पायाशी आहे.

दमयंतीचं पत्र तासापूर्वी आलं. रविवारी दोघं बसने मंचिर्यालला जाणार, गाडी घेणार आणि जंगलातल्या वाटेने घरी येणार. "मी पहिल्यांदाच मागे बसणार, साडी नेसू की यांचा जुना पायजमा घालू," असं लिहिलंय तिने. ते वाचलं आणि चप्पल न घालता पोस्टात गेलो. नवं बिऱ्हाड तारवाल्याला सापडायचं नाही, म्हणून तुमच्या ढोरांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर तार केली, गाडी चालवू नका म्हणून. पोस्टमास्तरने विचारलं, "काऊन भिवाजी, कोनी वारलं काय?" मी म्हटलं, नाही अजून. मग तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. तार संध्याकाळी पोचेल, पण दवाखाना तेव्हा उघडा असेल का? उद्या तर रविवार. माणिकरावचा ट्रक थोड्या वेळात इथून जाईल. पहाटे तो मंचिर्यालला असतो. पत्र त्याच्या हाती देतो. तो ते टायरच्या दुकानात तुमच्याच हातात देईल.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. याआधी एक कागद लिहिला होता, त्यात होतं की मी सांगायला विसरलो. तो फाडला.

मी विसरलो नव्हतो. पेट्रोल डब्यात पडत होतं, तुम्ही हातभर अंतरावर उभे होता, आणि ते वाक्य माझ्या तोंडात होतं. तुमच्याकडे बघून नाही तर चारुलताला सांगून तरी बोलू शकलो असतो. मनात म्हटलं, बघू हा विचारतो का. नाही विचारलं तर जाऊ दे. दहा-वीस कोसांवर पिस्टन चिकटेल, गाडी उभी राहील, ढकलत नेताना याला कळेल चष्मा कोणाला लागतो ते. मग गाडी ट्रकमध्ये घालून माझ्याच दुकानात आणावी लागेल, आणि तोंड उघडून म्हणावं लागेल, दादा, एवढी बघा. तुमचं हे वाक्य ऐकायची मी चार दिवस मजेत वाट पाहिली. मंगळवारच्या पत्रातही दमयंतीला मुद्दाम लिहिलं नाही. नट ढिले होतात म्हणून थाप मारली, म्हणजे माझ्या मनाला सांगता यावं की मी सावध केलं होतं.

तुम्ही पडाल असं वाटलं नव्हतं, असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. तीस वर्षं इंजिनं उघडतोय. चालत्या गाडीचा पिस्टन चिकटला की मागचं चाक जागच्या जागी अडतं आणि माणूस फेकला जातो, हे मला कोणी शिकवायला नको. मला ते माहीत होतं. मी त्याकडे पाहिलं नाही, एवढंच.

आणि आज दमयंती मागे बसणार हे वाचून माझे हात कापताहेत. सोमवारपासून कापले नव्हते. याचा अर्थ तुम्हालाही कळेल. मला त्याची लाज वाटते, उद्धवराव. पोटातून लाज वाटते.

माणिकराव आला. केबिनमध्ये चला म्हणतो आहे. मी यायलाच हवं होतं, पण दुकानात दोन गाड्या उघड्या पडल्यात आणि आईचं गुडघ्याचं तेलही आज आणायचं आहे. पत्र पोचेलच.

तेल मिसळून निघालात तरी क्लचवर सतत दोन बोटं ठेवा. आवाज कोरडा झाला की दाबा.

तुमचा अपराधी
भिवाजी


चेन्नूर,
शनिवार, १७ डिसेंबर

दादा,

नमस्कार तू समोर आलास की करीन, कागदावर नको.

आम्ही दोघं जिवंत आहोत. यांचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला आहे. डॉक्टर म्हणतात दोन महिने प्लॅस्टर, पुढे पाय किती वाकेल ते नंतर कळेल. मला कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. आईला सांगायचं की नाही ते तू ठरव.

तार सोमवारी सकाळी दवाखाना उघडल्यावर मिळाली. माणिकरावच्या ट्रकचा टायर निर्मळच्या अलीकडे फुटला, तो दुकानात पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आम्ही बारालाच निघालो होतो. यांनी पेट्रोल भरलं, तेलाच्या काचेत वाकून पाहिलं आणि खूश झाले. तीसेक किलोमीटर गाडी छान चालली. मागे वळून मला म्हणतात कसे, "पाह्य, धूर कसा नाई सोडून राह्यली. दादाचा हात हाय हा." मग मला ओढा दाखवायचा म्हणून सडक सोडली. पाणी थोडंच होतं, वाळू फार. पहिल्या गियरमध्ये ओरडत गाडी वाळूतून निघाली, पलीकडची चढण अर्धी चढलो आणि मागचं चाक एकदम थांबलं. मी मागच्या मागे वाळूत पडले. गाडी यांना घेऊन दगडांवर आडवी झाली. मला ती उचलता येईना. दादा, मी ती एकटीने उचलायचा प्रयत्न करत होते आणि हे खालून म्हणत होते, "सोड, सोड, तुले लागन." शेवटी पाड्यावरचा एक गोंड म्हातारा बैलगाडी घेऊन आला. मोटारसायकल अजून त्याच्याच अंगणात आहे.

माणिकराव आमचा माग विचारत विचारत इथल्या सरकारी दवाखान्यात आला. हे प्लॅस्टरसाठी आत होते, म्हणून तुझं पत्र त्याने माझ्या हातात दिलं. पाकिटावर नाव यांचं होतं, तरी मी फोडून वाचलं. म्हणाला, "बाई, मी दादाले तीनदा म्हटलं, चला म्हणून." माणिकरावच्या केबिनमध्ये तुझ्या पत्राला जागा होती, तुला नव्हती?

मी फार रागावले आहे. तू मला पाडलंस म्हणून नाही. तुझे हात माझ्यासाठी कापले आणि त्यांच्यासाठी कापले नाहीत म्हणून. माझा नवरा गाडीवर एकटा असता तर तू तार केली नसतीस, हे तूच लिहिलं आहेस. खरं लिहिलंस हे मला कळतं. पण मी ते विसरू कसं?

आता यांचं ऐक. यांना काहीच माहीत नाही. पडल्यापडल्या विचार करतात, की काचेत तेल होतं, मग इंजिन जाम का झालं? आणि त्यांनी मला काय बजावलं आहे माहीत आहे? "दादाले गाडीचं काई लिहू नको. त्यायले वाटन, डोयानं दिसत नाई म्हणून आपल्या हातून इंजिन चुकलं. एकदा चार मानसात बोलून बसलो, त्याचं अजून फेडून राह्यलो. दवाखान्याच्या पायरीवरून पडलो म्हणून लिही." पाय मोडलेला माणूस तुझा मान राखायला पायरी शोधून बसला आहे.

तुझं पत्र चारदा त्यांच्या खाटेपर्यंत नेलं आणि परत आणलं. आता ते याच पाकिटात तुला परत पाठवते आहे. सात महिने वहिनीने आणि मी तुमचे निरोप वाहिले. सायलेन्सर किती वर, चक्कर किती दातांचं, चहा घेणार का नाही. हा निरोप मी वाहणार नाही. तो तुझा आहे, तुझ्या तोंडाने सांग. ते काय म्हणतील मला माहीत नाही. कदाचित दादा, बसा म्हणतील, कदाचित आयुष्यभर तोंड पाहणार नाहीत. दोन्हीपैकी जे होईल ते तू इथे खाटेपाशी उभं राहून ऐकायचं.

रोज दुपारी टपालवाला गेला की हे विचारतात, "दादाचं काई आलं काय?" मी नाही म्हणते. तू विचारलंस तर मी म्हणायचं आहे की ते पायरीवरून पडले. चेन्नूरला बस मंचिर्यालहून दिवसातून चारदा येते.

तुम्हा दोघांसाठी सहा दिवस खोटं बोलणारी
दमयंती