मान्यताप्राप्त जर्मन आणि तुमची बहीण

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार (कागदावरचाच समजा, गुडघे एकदा जमिनीला टेकले की मला उठवायला दोन माणसं लागतात). तुमची साखर ताब्यात असेल आणि वहिनींचा चष्मा एव्हाना सापडला असेल, अशी आशा करतो. मी ठीक आहे. नोकरी हॉस्पिटलच्या तळघरात, शवागारात असल्यामुळे आजूबाजूच्यांच्या मानाने तर फारच ठीक.

तुम्ही फोनवर विचारलंत, की माझी बहीण तिकडे जर्मनीत वृद्धाश्रमात नर्स म्हणून जाऊन अडीच वर्षं झाली, जावई अजून इकडे काय करतायत? तर जावई जर्मन शिकत होते. बायकोकडे राहायला जायचं म्हटलं तरी व्हिसा कचेरीला नवऱ्याच्या जर्मनचा दाखला लागतो. अगदी खालच्या पायरीचा. आपलं नाव, वय, काम सांगता आलं आणि स्टेशन कुठे आहे एवढं विचारता आलं की झालं. (उत्तर कळलं नाही तरी चालतं, असं आमचे मास्तर म्हणायचे.) हे मास्तर चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत क्लास घेत. वर्गात आम्ही अकराजण, त्यात दहाजण माझ्या निम्म्या वयाचे. चार महिने मी ड्युटी संपवून, साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन तिथे जात होतो. तरी माझ्या शेजारचा बाक शेवटपर्यंत रिकामाच राहिला. शेवटी मास्तरांनी स्वतःच परीक्षा घेतली, स्वतःच पास केलं आणि सोनेरी शिक्क्याचं, कडेला वेलबुट्टी काढलेलं प्रमाणपत्र दिलं. ते घेऊन मी नव्या शर्टात व्हिसा कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी ते उलटसुलट पाहिलं.

"छान आहे, काका. घरी लावा."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे चालत नाही. परीक्षा मान्यताप्राप्त पाहिजे."

दादा, आयुष्यात मला मान्यता फारशी कुणी दिलेली नाही, त्यामुळे हा शब्द मी जरा मनाला लावूनच घेतला. पण बाई भल्या होत्या. त्यांनी चिठ्ठीवर चार परीक्षांची नावं लिहून दिली. यातली कुठलीही चालेल म्हणाल्या. मला वाटत होतं जर्मन एक, म्हणजे परीक्षाही एकच असणार! आठवडाभर मी त्या चिठ्ठीकडे पाहत बसलो. पहिली परीक्षा आमच्याच शहरात, पण पुढचे पाच महिने जागा नाही. दुसरी कॉलेजात शिकायला जाणाऱ्यांची. तिचा नमुना पेपर उघडला तर त्यात आलेख दिला होता आणि त्यावर मत विचारलं होतं. (माझं मत काय असणार? आलेख खाली चालला होता, एवढं कळलं.) तिसरीचं केंद्र म्हणून सांगितलेल्या पत्त्यावर पोचलो तर तिथे गाद्यांचं दुकान. चौथी बसने आठ तासांवर, पण तारीख दीड महिन्यातली. तेव्हा निवड वगैरे शब्द मोठे झाले. जागा रिकामी होती तिथे गेलो. आमच्याकडे कप्पे देतानाही हाच नियम आहे.

सरावाला माणूस कुठून आणायचा? क्लास संपलेला, शेजारी मला जिन्यात पाहिलं की दार लोटून घेतात. म्हणून मी दुपारच्या वेळी कामावरच बोलायला लागलो. कप्पे पुसता पुसता प्रत्येकासमोर थांबून विचारायचो, तुमचं नाव काय, तुम्ही कुठे राहता, तुम्हाला मुलं किती. त्यांच्या वतीने उत्तरंही मीच द्यायचो. (नावं कागदावर असतातच, पत्त्याचा मात्र प्रश्न येतो.) एके दिवशी मी एका म्हाताऱ्या शिंपीबुवांजवळ उभा राहून छंद या विषयावर सविस्तर बोलत होतो, तर मागे दारात त्यांचा मुलगा उभा. वाटलं, आता तक्रार होणार, नोकरीही जाणार. तो पुढे आला, माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागला. म्हणाला, "आमच्या नातेवाइकांतल्या कुणी एक शब्द म्हटला नाही हो त्यांच्यासाठी. तुम्ही काय म्हणत होतात?" दादा, मी म्हणत होतो, मला पोहायला आणि सायकल चालवायला आवडतं. पण त्याला सांगितलं, प्रवास सुखाचा होवो. ते वाक्यही पुस्तकात आहे, पुढच्या धड्यात. त्याच्यासमोर तेही म्हणून टाकलं.

परीक्षेचं म्हणाल तर ऐकणं, वाचणं, लिहिणं बरं गेलं. बोलण्याला चौघांना एका टेबलाभोवती बसवलं होतं. पत्त्यांसारखी कार्डं वाटतात. कार्डावरच्या शब्दावरून शेजाऱ्याला प्रश्न विचारायचा, त्याने उत्तर द्यायचं. माझ्या शेजारी एक केस कापणारी मुलगी होती. तिच्या कार्डावर रविवार हा शब्द आला. तिने मला विचारलं, तुमची बायको रविवारी काय करते?

मी थांबलो. परीक्षक बाईंना वाटलं प्रश्न कळला नाही. त्यांनी तो सावकाश पुन्हा विचारला. मुलीने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावून खुणावलं. प्रश्न मला पहिल्याच वेळी कळला होता, दादा. मला उत्तर येत नव्हतं. कुठल्याच भाषेत येत नव्हतं. पूर्वी दर रविवारी तिचा फोन यायचा, तेव्हा सांगता आलं असतं. आता मी करतो, ती दमलेली असते, मी तिकडची हवा विचारतो, ती सांगते. शेवटी मी म्हणालो, ती काम करते. व्याकरण बरोबर आहे, असं बाई म्हणाल्या.

पास झालो. शंभरात अठ्ठ्याहत्तर. या प्रमाणपत्राला शिक्काही साधाच आहे, पण खिडकीतल्या बाईंनी ते पाहून मान डोलावली. वहिनींना नमस्कार सांगावा. तब्येतीला जपा, कामाच्या ठिकाणी ओळखीचं माणूस आलेलं मला आवडत नाही.

तुमचा एकुलता एक मेहुणा

ता. क. पास झाल्याचं तिला अजून कळवलेलं नाही. तुम्हीही कळवू नका.

ता. क. २ अर्जाला दुसराही एक कागद लागतो. नवऱ्याने इथे राहायला यावं असं मला वाटतं, असं बायकोच्या सहीने लिहिलेला. तो मी तीनदा मागितला. तिन्ही वेळा ती "हो, पाठवते" म्हणाली. मी विचारलं की ती हो म्हणणारच, तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तुम्ही विचारा.

ता. क. ३ लगेच विचारायला हवं असं नाही. प्रमाणपत्र वर्षभर चालतं.