विहिरीला न फुटलेला झरा

४ मार्च
रेखा सोयगावला गेली, ज्वारीचं देशी बी आणायला. परवा येईल. (एस.टी.चं डिझेल चालतं तिला. "ती सगळ्यांची असते.") पिशोरच्या तिच्या वाट्याच्या दीड एकरात मी एकटी. सीताफळ-शेवग्याची चाळीस रोपं, प्रत्येकाशेजारी पाणी झिरपायला पुरलेला मटका. विहीर गाळावर आलीय. रोपांनी माना टाकल्यात.
नियम रे.चा. शेतात डिझेल नाही. जगातलं तेल आटल्यावर शहरात आपल्यासारख्या दोघींना, ना पोर ना सून, कोण विचारणार? आत्ताच शिकून घेऊ, म्हणते.

५ मार्च
केलं. पाण्याचा टँकर बोलावला. रानभर डिझेलचा वास. मटके काठोकाठ, उरलेलं विहिरीत सोडलं. चाकांच्या खुणा बोरीच्या फांदीनं झाडून काढल्या. पन्नाशीला आलेली बाई मी, अन् ही लपवालपवी. लाज वाटते.

६ मार्च
रे. आली. पिशवी खांद्यावरच, आधी रोपं पाहिली. मग विहीर. "अगं, झरा फुटला की!"
मी म्हणाले, व्हय.
का म्हणाले?

११ मार्च, रविवार
शहरातनं, पुंडलिकनगरहून आमचे सतीश-जावेद आले. दोघं बारा वर्षं एकत्र. फ्लॅट विकून शेजारचा तुकडा घ्यायचं चाललंय, पण पाणी पुरतं का, एवढ्यावर अडलं होतं. रे.नं त्यांना रोपन् रोप दाखवलं. "डिझेलचा थेंब नाय. हिला विचारा."
सतीशनं माझ्याकडं पाहिलं. मी चहा ठेवायला आत गेले. चुलीपाशी नुसतीच बसून राहिले, दूध उतू गेलं.

१३ मार्च
झोप नाही. दादाला अकरा वर्षं सांगितलं, रेखा माझी भाडेकरू. इथं यायचं ठरलं तेव्हा तिनं एकच मागितलं होतं, आता लपवायचं नाही काही. टँकरसाठी दोन दिवस अबोला धरला असता तिनं, फार तर चार. पण तो झरा...

१७ मार्च
विहीर परत गाळावर. "झरा बुजला असंल," म्हणून रे. पहार घेऊन उतरली. दुपारभर खणलं. तळहाताला फोड आले. मी हळद लावली, तर म्हणते, "लई जीव लावतेस गं." नालायक आहे मी.

१८ मार्च
जावेदचा फोन. फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं, उद्या इसार घेणार. "तुमच्या झऱ्याच्या भरवशावर," हसत म्हणाला. मी बरं म्हणून ठेवला.
रे. सकाळपासून खाली विहिरीतच. वही घेऊन काठावर बसलेय. तोंडातून नाहीच फुटलं, तर हीच तिच्या हातात देईन.
हाक मारली. "वर ये. सांगायचंय."
"खालनंच ऐकते. बोल."
"नाही. वर ये."
पहार थांबली. दोर ताणला गेलाय, चढतेय ती.