राजाचा पोशाख आणि तुझं विरजण

प्रिय आई,

तुला एक निरोप द्यायचाय, म्हणून लिहायला बसलेय. परेराअंकलनी सांगितलंय, "तुझ्या आईला सांग, विरजण मान्य!"

हो गं, तेच! आपल्या लंडनच्या हाउन्सलोमधल्या सिंहली मंडळाचे अध्यक्ष. तुझ्याकडून विरजण नेणाऱ्या शेजारच्या मालिनीआंटीने मंडळाच्या नववर्षाच्या कार्यक्रमासाठी श्रीलंकेतल्या कँडीच्या राजाचा पोशाख तुला शिवायला दिला होता. चित्र बघताच तू म्हणालीस, "अगं बाई, या तर पोर्तुगीजांच्या फुग्याच्या बाह्या! आणि हे जरीकाम, हा थाट सगळा मदुरेकडचा."

अंकल असले भडकले! "आमच्या राजाने कुणाचं काही घेतलं नाही. यू जस्ट स्टिच, मिसेस जोशी."

तू कसली गप्प बसतेस! "शेजारणीकडून विरजण आणलं, तरी दही आपल्याच घरचं. त्यात कमीपणा कसला?" असं त्यांना इंग्लिशमध्ये सुनावलंस. वर मला हळूच मराठीत, "आडनाव परेरा, आणि पोर्तुगीज नको म्हणे!"

मी मात्र "आई, प्लीज, किती एम्बॅरेसिंग!" म्हणाले. त्याची आज लाज वाटते. पण तुझाही राग येतो हं! कार्यक्रमात सगळ्यांची नावं घेतली, तुझं नाही, आणि तू मागे बसून टाळ्या वाजवत होतीस. का गं?

परवा लायब्ररीत प्रदर्शन होतं. तोच पोशाख, काचेच्या पेटीत! बाजूला कार्ड: कँडीच्या राण्या भारतातून, मदुरेहून यायच्या, पुढे एका राणीचा भाऊच गादीवर बसला, तिकडचा थाटही आला; बाह्या पोर्तुगीज वळणाच्या. आणि खाली, "शिवणकाम: सुमन जोशी". मालिनीआंटीने हट्टाने लिहून घेतलं. जिंकलीस गं, आई!

अंकल काठी टेकत आले. कार्ड दोनदा वाचलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हे मिसेस जोशींनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही." मग तो निरोप. ते आता बेसिंगस्टोकला मुलाकडे असतात, तू गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सांगते, अंकल."

तर सांगितलं. आता शनिवारी बेसिंगस्टोकला जाऊन त्यांना खरं काय ते सांगणार, शब्द देते. पण रिकाम्या हाताने जाणार नाही. मालिनीआंटीने तुझं विरजण अजून चालू ठेवलंय, आई. त्याचंच दही लावून नेईन.

तुझी,
कॉलर ताठ करून फिरणारी
नीता