तिसरी क्लच प्लेट

४ ऑगस्ट, मंगळवार

क्लच पुन्हा गेला! मांतालोंगोनचा चढ, मागे कोबीची पोती, आणि अर्ध्यात तो जळका वास. माझा नवरा पोन्सो म्हणतो, "कुणीतरी कचरा जाळतंय." कचरा कसला! आमच्या बुडाखाली आमचेच पैसे जळत होते. इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही. मीच उतरून चाकाखाली दगड लावला.

कोबी दुसऱ्याच्या गाडीत चढवला. सेबूच्या बाजारात पोचेपर्यंत वरची पानं मलूल, भाव पडला तो पडलाच. नवरा मात्र गाडीच्या नाकावरून हात फिरवत बसला होता, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. माझ्या कपाळाला हात लावून बघायला कुणाला वेळ आहे!

५ ऑगस्ट, बुधवार

गॅरेजवाल्या नोय किरिनोने गिअरबॉक्स उतरवला. प्लेट काळी ठिक्कर. म्हातारा म्हणाला, "पोरी, ही मी मार्चमध्ये नवी टाकली होती."

दुकानात नाव सांगून काही मिळत नाही. जुना भाग पिशवीतून न्यायचा, काउंटरवर ठेवायचा आणि जोडीला जोडी लावून बघायची. कारण जपानहून जुनी आलेली ही छोट्या ट्रकसारखी मल्टिकॅब म्हणजे दहा गाड्यांचं कडबोळं. कागदावर एक इंजिन, आत दुसरंच. तिथे स्टीअरिंग उजवीकडे होतं, इथे बंदराजवळच्या कारखान्यात डावीकडे आणलं. पेडलांशेजारी पत्रा ठोकलाय तोही कामचलाऊ. इंजिन सीटखाली, त्यामुळे त्या पत्र्यातून अशी धग येते की मासळी भाजावी.

प्लेट, बेअरिंग, मजुरी मिळून साडेतीन हजार पेसो. वर रेडिएटरला डाख मारला. टायमिंगचा पट्टाही बदला म्हणतोय किरिनो, तुटला तर व्हॉल्व्ह वाकतील. म्हटलं, वाकू देत. माझी कंबर वाकलीच आहे.

९ ऑगस्ट, रविवार

पोन्सो एका चपलेवर घरी आला. डावी कुठे गेली ते ठाऊकच नाही! "गळून पडली असेल." पायातली चप्पल गळून पडते आणि माणसाला पत्ता नाही? सासूबाई हसून हसून लोळायच्या बाकी होत्या.

शिवाय बाजाराच्या वाटेवर तीनदा लघवीला थांबला. हल्ली गाडीपेक्षा हाच जास्त थांबतो.

१२ ऑगस्ट

आज काहीही बिघडलं नाही. म्हणून लिहून ठेवते.

१७ ऑगस्ट, सोमवार

परत तोच वास. तोच चढ!

किरिनो आज हसला नाही. प्लेट पोन्सोच्या हातात ठेवली. "दोन आठवड्यांत प्लेट अशी जळत नसते, पोन्सो. तू क्लचवर पाय ठेवून चालवतोस."

पोन्सोचं तोंड लाल. "वीस वर्षं गाडी चालवतोय, नोय! गिअर पडला की माझा पाय खाली पत्र्यावर असतो."

"मग पत्र्यालाच विचार."

घरी आल्यावर मी सोडलं नाही. माझ्या मांडीवर नेहमी टोपली असते, त्याचे पाय मला दिसत नाहीत. पण वास तर येतो! म्हटलं, सरळ कबूल कर, सवय लागली असेल तर सोडता येईल. तर सान गियेर्मोची शपथ घेऊन मोकळा. "संताला मध्ये ओढू नकोस, खोटारड्या," म्हणाले मी. जेवण टाकून उठला आणि गाडीत जाऊन बसला. बसू दे.

पैशाचं दुःख आहेच. पण तोंडावर खोटं बोलतो याचं जास्त आहे.

१८ ऑगस्ट, मंगळवार

तिसरी प्लेट बसली. हीच शेवटची, असं मी बजावलंय. डुकरांचा धंदा करणारा मामेर्तो गाडी आहे तशी घ्यायला तयार आहे. रविवारी रोख घेऊन येतो म्हणाला.

"डुकरं?" पोन्सो ताडकन उठला. "माझ्या गाडीत डुकरं?"

सासूबाईंनी त्यांचं नेहमीचं काढलं. गाडी आणली तेव्हा पादुगो केला नाही, चाकांना कोंबड्याचं रक्त लावलं नाही, म्हणून हे सगळं. म्हटलं, पाद्र्याने पवित्र पाणी शिंपडलं होतं की!

"पाणी रेडिएटरला लागतं," म्हणाल्या. "चाकांना रक्तच लागतं."

शेवटी ठरलं. शनिवारी पादुगो. मग भरलेली गाडी चढावर न्यायची. वास आला नाही तर गाडी राहील. आला तर मामेर्तोची.

२१ ऑगस्ट

पांढरा कोंबडा आणला. क्लचपेक्षा स्वस्त पडला.

२२ ऑगस्ट, शनिवार

पादुगो झाला, पण धड नाही. सासूबाईंनी काचेच्या वाडग्यात रक्त धरलं आणि कोंबड्याने मरता मरता अशी फडफड केली की वाडगा खाली! अंगणभर काचा, अंगणभर रक्त. उरलंसुरलं बोटांनी चारी चाकांना लावलं. पोन्सो अनवाणी आईच्या मागे गाडीभोवती फिरत होता. "मागचं राहिलं! नानाय, मागचं चाक राहिलं!" नव्या नवरीला सजवत असल्यासारखा त्याचा थाट.

मग चढ. आज मी टोपली मागे टाकली आणि सरळ त्याच्या पायाकडे बघत बसले. गिअर पडला. पाय क्लचवर तसाच! पेडल अर्धं दाबलेलं.

"पोन्सो, पाय."

"खालीच आहे."

माझ्या डोळ्यांदेखत! पाय पेडलवर, नजर रस्त्यावर, चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा शांत. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच. मग तो वास आला.

"उद्या मामेर्तो," एवढंच म्हणाले. उतरणीला त्याचे डोळे भरलेले दिसले. मला दया आली नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्याशी असं वागायची याची हिंमत होते कशी?

घरी येऊन बघते तर फरशीभर लाल पावलं. डाव्याच पायाची. कोंबड्याचं रक्त घरात आणलंस म्हणून आणखी चार शब्द ऐकवले. "मी पाय धुतले होते," म्हणतो. आणखी एक खोटं! फरशी पुसून काढली.

कोंबड्याचा रस्सा सगळ्यांनी खाल्ला. त्याने नाही.

२३ ऑगस्ट, रविवार

सकाळी परत पावलं. पुसलेल्या फरशीवर, बिछान्यापासून मोरीपर्यंत. ताजी. डाव्या पायाची.

कोंबडा तर काल रात्रीच संपला होता.

त्याचा पाय ओढून मांडीवर घेतला. टाचेत काच. वाडग्याची, अंगठ्याएवढी, पार आत गेलेली. कडेला पत्र्याने भाजल्याचा फोड, तो कधीचा कोण जाणे. "दुखत नाही?" "काय?" मी त्याच्या करंगळीला नख लावलं, दाबलं, आणखी दाबलं. तो खिडकीतून गाडीकडे बघत होता.

"पोन्सो, मी आत्ता काय करतेय?"

"काही नाही. बसलीयेस."

खोटं बोलत नव्हता. एकदाही बोलला नव्हता.

किरिनोला निरोप धाडलाय, दवाखान्यात तोच नेईल. मामेर्तो पैसे घेऊन दारात उभा होता. त्याला सांगितलं, गाडी विकायची नाही. गाडीला काही झालेलं नाही.