मालकांनी कोणतं ताट संपवलं

१२ जाने. २००३, रविवार
निखाऱ्यावरच्या माझ्या मटणावर सुनेनं बाटलीतला लाल सॉस ओतला. मला न इचारता. कोरडा मसाला चोळून दोन घंटे ठेवलेलं, सगळं चिकट करून टाकलं. म्हणे, आत्याबाई, गिऱ्हाईकाला चमक लागती. मटण हाय का नवरी.
(सॉस कसं लिहायचं ते नातीला इचारलं.)
दत्ता माझा लेक, फाट्यावर हॉटेल काढून राह्यला. भाजलेलं मटण एकाच तऱ्हेचं ठेवणार. पाटीवर लिहायचं, बापूंच्या आवडीचं. बापू म्हंजी माझे मालक. जाऊन सहा वर्षं झाली. सून म्हणती सॉसचं, मी म्हणते कोरडं. पेंटर खोळंबलाय.

१४ जाने.
संक्रांत. मटण बंद. सुनेच्या हातावर तीळगूळ ठेवला. गोड बोल तेवढं म्हणले न्हाई.

१९ जाने., रवि.
आज दोन्ही करून दाखवलं. माझं: मटण धुवून फडक्यानं पुसलं. तिखट, मीठ, भाजलेले धणे, दगडफूल, कोरड्या हातानं चोळलं. पाण्याचा थेंब राह्यला की मसाला निखाऱ्यात गळतो, मटण नागडं.
सुनेच्या सॉसात साखर. ती आधी जळाली, मटण आत कच्चं. मंग दुसऱ्या सळईला तिनं खाली उतरवल्यावर सॉस लावला. तसं वाईट लागलं न्हाई. तिला सांगितलं न्हाई.
जिंकलेच होते. तर दत्ता हाडूक चोखत म्हणतो, "माय, बापू तुझं कुठं खायचे? ते रशीदाखालाचं दह्यातलं खायचे. तुझं ताट मी संपवायचो."
हातातला घास ठेवला, उठले.

२० जाने.
रशीदा माझ्या भिंतीपलीकडची. वीस वर्षं एकाच भिंतीला पाठ लावून दोघी बसलो. ती दही, लसूण, हिरवी मिरची वाटून त्यात मटण बुडवून ठेवायची. मी म्हणायची, मटणाला आंघोळ घालती का गं. ती म्हणायची, तेरा गोश तेरे जैसाच, सूखा.
८१ सालची कंदुरी. दत्ता तापातून उठला म्हणून दर्ग्याला बोकडाचा नवस. बाकी सगळा रस्सा, पण कलेजी आन बरगड्या आम्ही दोघींनी भाजल्या. तिचं दह्यातलं, माझं कोरडं. जर्मनची दोन ताटं, एकसारखी. निखाऱ्यावरून उतरलं की सगळं काळंच दिसतं. मी चुलीपाशी, रशीदा वाढायला. मालक जेवणाला कधी चांगलं म्हणायचे न्हाईत. त्या दिशी म्हणले, "हे ताट इथंच राहू दे."
एवढंच. सगळ्या संसारात एवढंच. मी ते माझं धरलं. इतकी वर्षं धरलं.
तवाच इचारलं होतं रशीदाला, कोणतं ताट गं? तिनं तोंडाला पदर लावला. "मेरे कू क्या मालूम."

२३ जाने.
रशीदा लेकीकडं जाफराबादला गेली त्याला चार वर्षं झाली. दाराला कुलूप. खिडकीतून तिचा पाटा दिसतो, भिंतीला उभा केलेला. पाट्याच्या आवाजावरून कळायचं मला, आज तिच्याकडं काय हाय. मिरची वेगळी वाजती, खोबरं वेगळं. आता शांत हाय. बरं हाय.
दत्ता इचारतो, माय, पाटीवर काय लिहू. म्हणले थांब.

२५ जाने.
पहिल्यांदा दह्यातलं केलं. सगळा हात लिबलिबीत. किती काय टाकायचं मला कुणी शिकवलं न्हाई, पण बराबर पडलं. ह्याचाच राग आला. चाखलं. पुन्हा चाखलं.
पुढचं लिहीत न्हाई.

२६ जाने., रवि.
सून सकाळच्या यष्टीनं जाफराबादला चालली. दोन डबे दिले, एक कोरडं, एक दह्यातलं. डबे एकसारखे, मुद्दाम. बजावलं, रशीदाला आधी खाऊ घाल, मंग कंदुरीच्या ताटाचं इचार. सून म्हणली, "आत्याबाई, ते ताट त्यांचं निघालं तर?" म्हणले, यष्टी चुकंल तुझी.
दत्ता म्हणतो, लेकीच्या घरी फोन लावू. नको. फोनवर ती हसून टाळती.
रशीदानंच सांगायचं, स्वतःच्या तोंडानं. लेकीनं मधी बोलायचं न्हाई, जावयानं तर बिलकुल न्हाई. आन या खेपेला "मेरे कू क्या मालूम" मी उत्तर धरणार न्हाई.