वन्संनी गढुळवलेला समुद्र

प्रिय याऊ-मिंग भावोजी,

तुमचे गुडघे आणि जाऊबाईंचा रक्तदाब दोन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालते. नसतील तर हे पत्र उद्या वाचा. मकाऊची हवा छान असेलच. इथे कौलूनमध्येही हवेबद्दल तक्रार नाही, पाण्याबद्दल आहे. तुमच्या थोरल्या भगिनींना, म्हणजे आमच्या वन्संना, हवापालटासाठी ताबडतोब बोलावून घ्या. पुढचं वाचलंत तर स्वतः न्यायला याल.

तुमचे बंधू गेल्यावर मी खाऱ्या पाण्याची टाकी आणली, हे तुम्हाला ठाऊक आहे. (‘वहिनी, त्यापेक्षा माहजाँग खेळा,’ असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. मी विसरलेले नाही.) तिच्यात दोन नारंगी विदूषक मासे आहेत आणि एक पिवळीधमक, पुढे काढलेल्या तोंडाची, सगळ्यांकडे तिरप्या नजरेने बघणारी मासोळी. तिचं नाव मी माझ्या कॉन्व्हेंटच्या स्मरणार्थ मदर सुपीरियर ठेवलं आहे. या घरात शिस्त म्हणजे काय हे मला सोडून तिलाच कळतं.

रविवारी चर्चमधून आले तर टाकी पांढरी! मळकट नव्हे, पांढरी. तांदळाच्या पेजेत कुणी दिवा लावून ठेवावा तशी. विदूषक दिसेनात. मदर सुपीरियर मात्र पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होती आणि मिटत होती, आणि तिची बाजू भात्यासारखी हलत होती. वन्सं सोफ्यावर बसून कलिंगडाच्या बिया फोडत होत्या. टाकीला काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, “टाकीचं तोंड दाराकडे, अपशकुनच तो. मी आल्या दिवशीच म्हटलं होतं. माझं ऐकतंय कोण?”

मी माँगकॉकच्या मासेवाल्याला, श्रीयुत यिपना फोन लावला. त्यांनी मलाच आरोपी केलं. “मॅडम, जास्त खायला घातलंत? आत काही मेलंय? नवीन काही टाकलंत?” मी (माझ्या टाकीत माझ्या परवानगीशिवाय बुडबुडाही उठत नाही या समजुतीने) ताठ मानेने सांगितलं, काही नाही. त्यांनी निम्मं पाणी बदलायला आणि हवेचा पंप जोरात सोडायला सांगितलं. मग मी बादल्यांत मीठ कालवत बसले. माझी कंबर तुम्हाला माहीत आहे. वन्संनी मदत म्हणून पाय वर घेतले.

टाकीतून नळीने पाणी ओढत होते, तेवढ्यात वन्सं उठल्या. “तुझं आटपलं का? मला स्वयंपाकाला लागायचंय.” एवढं बोलून त्यांनी बाही वर केली, कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि खडकामागून जाळीची पिशवी बाहेर काढली. भावोजी, पिशवीत शिंपल्या होत्या, तिसऱ्या. बाजारातल्या. अर्ध्या तर तोंडं वासून मेलेल्या. त्यांनी पुन्हा हात घातला आणि मी दोन दिवस शोधत असलेली लोखंडी सुरी काढली.

तिसऱ्यांनी वाळू ओकावी म्हणून खाऱ्या पाण्यात लोखंडी सुरी ठेवून वर तिळाचं तेल सोडतात, हे मला शिकवायला नको. माझी आईही करायची. पण वाडग्यात! ओट्यावर! वन्संचं म्हणणं, “पातेल्यात मीठ कालवत कशाला बसायचं? तुझ्याकडे आयता समुद्र आहे.” आणि तेल? “पाणी एवढं मोठं, मग दोन थेंबांनी काय होणार? हात जरा सैल सोडला.” बाटली मी पाहिली. हात नव्हे, बूच सैल सोडलं होतं.

मी आवाज चढवला नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टर कॉन्स्टन्सनी शिकवल्याप्रमाणे तो खाली आणला, जे ऐकणाऱ्याला जास्त जड जातं. पाण्यावर तेलाची साय धरली होती आणि तिच्याखाली माझी मासोळी गुदमरत होती. वन्सं स्वयंपाकघरात गेल्या. सूपवरचं तेल टिपायचे कागद आणले आणि एकेक कागद पाण्यावर अलगद पसरून, तरंगही न उठवता, उचलत राहिल्या. दुपारभर. “सूपच आहे असं समजायचं,” म्हणे. मदर सुपीरियर आत असताना तो शब्द उच्चारायचा नाही, अशी मी ताकीद दिली. त्यावर फणकारल्या, “मी भावाकडे जाते. तिथे माणसाला माशाइतका तरी मान मिळेल.” जरूर जा म्हटलं. तेव्हा त्यांचा फोन आला की लगेच हो म्हणा. बिछाना मऊ नको, सवय लागते.

जाऊबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
ॲग्नेस

ता. क. पाणी निवळलं. तिघंही जिवंत आहेत. पण मदर सुपीरियर तेव्हापासून माझ्या हातचं खात नाही. परदेशी खाणं आणलं, तर तिने पाठ फिरवली. पोट आत गेलं आहे.

ता. क. २ आज सकाळी वन्संनी सामान बांधता बांधता सूपमध्ये घालायच्या वाळलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा तोडला आणि “खा गं बाई, तुझी मालकीण ओरडतेच फार,” म्हणत पाण्यात धरला. तिने तो त्यांच्या बोटांतून ओढून खाल्ला. मग दुसरा, मग तिसरा. त्यातलाच चौथा मी धरला, तर खडकामागे जाऊन बसली.

ता. क. ३ वन्सं शनिवारच्या बोटीने यायचं म्हणताहेत. तुमच्या घरी रंगकाम चालू आहे, असं मी त्यांना सांगितलं आहे. चालू नसेल तर चालू करा.