बाळंतिणीची खोली

१० नोव्हेंबर १९९६
आलो एकदाचे भेस्तानला! बिल्डिंग जुनी, पण नळ स्वतःचा, आणि शेजारच्या कापडाच्या लूमचा खडखडाट फुकट. सातव्या महिन्यात मला कोण सामान उचलू देतंय? खुर्चीत बसून हुकूम सोडले. आमचे हे, लोकेशराव, उधन्याच्या डाइंग मिलमध्ये आहेत. आतल्या खोलीला यांनी स्वतः पोपटी ऑइलपेंट दिला. खिडकीची लाकडी दारं बंद ठेवूनच रंगवली, ती आता चिकटून बसलीत. मी हसले तर म्हणतात, थंडीत उघडायची कशाला.

२४ नोव्हेंबर
वास जात नाही. बादलीत पाणी ठेवलं, कांदे चिरून ठेवले, कापूर जाळला. भिंतीला अजून बोट चिकटतं. शेजारच्या शोभाबाई म्हणाल्या, आधीचे भाडेकरूही जुना वास घालवायला नवा रंग द्यायचे. यांना काही जाणवत नाही, दिवसभर मिलमध्ये रंगातच असतात.

८ जानेवारी १९९७
मुलगी झाली! दवाखान्यात असली ओरडली की नर्सने कानावर हात ठेवले. आज घरी आणली. मला आई नाही, म्हणून सासूबाई अमळनेरहून आल्यात. दाराला गोधडी, खिडकीच्या फटीत चिंध्या, खाटेखाली कोळशाची शेगडी, तिच्यावर ओवा-शेपा. दार जरा उघडं ठेवा म्हटलं, तर म्हणाल्या, पोरले वारा लागी जाई. मायेनेच म्हणाल्या, त्यामुळे भांडताही येईना.

११ जानेवारी
शेकाने भिंत पुन्हा ओली होते. पोपटी ओघळ येतात, पुसले की नवे. डोकं फुटतंय. सासूबाईंच्या मते बाळंतिणीचं दुखायचंच.
बाळ रडत नाही. बायका दारातून डोकावतात आणि म्हणतात, किती शहाणी पोर. मला भीती वाटते.

१३ जानेवारी
दूध ओढत नाही. यांना सांगताना मी रडले. म्हणाले, आईने चार बाळंतपणं केलीत, सव्वा महिना कळ काढ. अक्षरं हलतात —

१४ जानेवारी
उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत. सगळे गच्चीवर पतंग उडवतायत. सासूबाई तिळगूळ घेऊन वर गेल्या. मांजर शिरू नये म्हणून बाहेरून कडी. शेगडी आत्ताच भरलीय, श्वास कोंडतोय —

हाका मारल्या. वर लाउडस्पीकर. काप्यो छे, काप्यो छे —

खिडकी हलत नाही. हातात जोर नाही. शेगडीवर पाणी ओतायचं तर तांब्या पालथा —

सरपटत दारापाशी आले. गोधडी ओढून काढली. तिचं नाक फटीशी धरलंय. गाल किती गुलाबी —

जिन्यात कुणीतरी. ओरडायला गेले. आवाज फुटला नाही. पावलं वर गेली —

ती डोळे उघडत नाही. हाक मारू तर नाव नाही. बारशाआधी नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. ऐक, तुझं नाव —